यंत्राचे अखंड फेरे

मोटारीचा नमुना बदलला कीं कारखान्यांतील शेंकडों रिले व तारा नव्यानें जोडाव्या लागत. या जाचांतून सुटण्यासाठीं जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागानें १९६८ सालीं नवा नियंत्रक मागितला. १९६९ सालीं अमेरिकेंत ‘मोडिकॉन ०८४’ तयार झाला. तारांऐवजीं आतां कार्यक्रम बदलला कीं पुरे!

हा नियंत्रक सदैव टक लावून पाहात असेल, असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं. आरंभीं तो सर्व बटनांची व संवेदकांची स्थिति स्मृतींत टिपतो. त्या टिपणावरून कार्यक्रम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सोडवितो. अखेरीस मोटरी, झडपा यांस आज्ञा देतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका फेऱ्यास बहुधा कांहीं मिलिसेकंद लागतात. फेरा मुदतीबाहेर लांबल्यास आंतील पहारेकरी घड्याळ कार्यक्रमच थांबवितें.

परंतु दोन टिपणांच्या मध्यें एखादा संकेत येऊन गेला, तर नियंत्रकाच्या लेखीं तो घडलाच नाहीं. पट्ट्यावरची एखादी बाटली मोजावयाची राहिली, तर आम्ही तें सोसूं. कामगाराच्या हाताचें तसें नाहीं. शिवाय नियंत्रक स्वतःच बिघडला तर? म्हणून आणीबाणीचें बटन सामान्य कार्यक्रमाच्या भरंवशावर सोडीत नाहींत. धोकादायक यंत्राची वीज तोडणारी सुरक्षा-योजना निराळीच असते.