ई-मेलमधील संपर्कसूची : जतन व गोपनीयता

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घर बदललेल्या माणसाचा ठावठिकाणा शेजारी सांगू शकतात. ई-मेलच्या बाबतीत असा आधार नसतो. माजी विद्यार्थ्यांची संपर्कसूची महाविद्यालयातील एकाच संगणकावर असेल, तर तो बिघडताच त्यांच्याशी असलेला संबंध तुटतो. म्हणून ही सूची ठरावीक काळाने 'सीएसव्ही' अथवा 'व्हीकार्ड' स्वरूपात एक्स्पोर्ट करून अन्यत्र जतन करावी. तसे करताना 'यूटीएफ-८' संकेतन निवडावे. अन्यथा देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. सामूहिक पत्रात पत्ते 'बीसीसी' रकान्यात लिहावेत. 'टू' किंवा 'सीसी'मध्ये लिहिल्यास प्रत्येकाचा पत्ता सर्वांना दिसतो. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केल्यानंतर ही केवळ शिष्टाचाराची बाब उरलेली नाही. सारांश, संपर्कसूची ही विश्वासाने सोपविलेली ठेव होय.