हौदा घ्यावा की सरकता दरवाजा?

किनवटात धंद्यासाठी गाडी घ्यायचं नुसतं नाव काढा, चौकातला प्रत्येक जण सल्लागार होतो. एक म्हणतो पिकअप, दुसरा म्हणतो व्हॅन. टोकन देण्याआधी ही थोडी करमणूक.

आधी कापसाला विचारा

वेचलेला कापूस वजनाला हलका, जागेला अधाशी. व्हॅनमध्ये कितीही कोंबा, वजनाची मर्यादा गाठायच्या आधी छत आडवं येतं. पिकअपच्या हौद्याला छतच नाही. सोयाबीनची तऱ्हा उलटी: पोती जागा कमी खातात, पाट्यांचा मात्र जीव काढतात. पंधरा क्विंटल म्हणजे दीड टन. ते बोलेरो पिकअपने उचलावं, ईकोने नाही.

पण आभाळ भरून आलं की व्हॅनवाला हसतो. सीसीआय कापूस घेताना ओलावा मोजतं. ८ टक्क्यांच्या वर गेला की दर उतरतो, १२ च्या पुढे माल परत. तेव्हा पिकअपच्या किमतीत चांगली ताडपत्रीही धरा. औषधं, बेकरीचा माल, कुरिअर असला धंदा असेल तर मात्र व्हॅनच बरी. कुलूप लावलं की झालं.

हत्ती आणि सोयरीक

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला. दोन सिलिंडरचं ७०२ सीसी इंजिन आणि पाऊण टनाची ताकद, म्हणजे सिमेंटच्या पंधरा गोण्या. ही गाडी घडवणाऱ्या गिरीश वाघ यांच्या चमूने आधी तीनचाकीवाल्यांना गाठून विचारपूस केली. त्यातल्या एकाचं म्हणणं होतं म्हणे, की दारात चारचाकी असेल तर गावात लग्न जमायला सोपं जाईल. मायलेजचं कौतुक सगळेच करतात. हे कारण मला जास्त पटतं. शिवाय लग्नसराईत मंडपाचे खांब आणि डीजेचे खोके हौद्यातच जातात.

सीटखाली चूल

१९८४ ची मारुती व्हॅन, पुढे जिचं नाव ओम्नी झालं, तिचं ७९६ सीसी इंजिन पुढच्या सीटखाली होतं. शाळेची पोरं, गॅसची टाकी, पेशंट, सगळं तिने वाहिलं; हिंदी सिनेमात तर सरकत्या दारातून माणसं पळवायची गाडी हीच. २०१९ मध्ये ती बंद झाली. २०१० ला आलेल्या ईकोचंही इंजिन सीटखालीच आहे. मे महिन्यात नांदेडला फेऱ्या मारायच्या असतील तर हे ध्यानात ठेवा.

आदिलाबादची फेरी

माल घेऊन तेलंगणात उतरणाऱ्यांसाठी आरसी बुकातला एक आकडा मोलाचा. मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. छोटा हत्ती आरामात बसतो, मोठी पिकअप बसेलच असं नाही. लायसनचा घोळही मिटलाय: ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

कोंबडीपायी व्हॅन महाग

युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, म्हणून चिडलेल्या अमेरिकेने १९६४ पासून बाहेरच्या हलक्या मालगाड्यांवर २५ टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण विरलं, कर राहिला. मग फोर्डने शक्कल काढली. तुर्कस्तानातून व्हॅन मागच्या सीटा आणि खिडक्यांसकट, 'प्रवासी गाडी' म्हणून आणायच्या, आणि बंदरावर उतरल्या की सीटा उपटून टाकायच्या! २०२४ मध्ये हे प्रकरण मिटवायला कंपनीला ३६.५ कोटी डॉलर मोजावे लागले. जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं कोण म्हणतं?

रविवारी देव, सोमवारी बाजार

ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने १९३२ मध्ये फोर्डला पत्र लिहिलं: रविवारी चर्चला नीटनेटकं जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. लुईस बँट या तरुणाने ती आखली, १९३४ ला ती रस्त्यावर आली. पुढे मोटारीसारखं केबिन, मागे हौदा. आपल्याकडे माहूरगडाला जायचं म्हटलं की पुढचं केबिन पुरत नाही आणि सगळा कुटुंबकबिला हौद्यात चढतो. कायद्याला ते चालत नाही, आणि काही झालं तर विमा कंपनी सगळ्यात आधी हात वर करते. घरात माणसं जास्त असतील तर डबल केबिनची किंमत विचारून या.