लिंक टाकली म्हणजे कमिशन मिळालंच असं नाही. आधी कंपनीचे नियम वाचा

मोबाईलवर वस्तूची लिंक टाकायची, कुणी त्यावरून खरेदी केली की कमिशन मिळवायचं. याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. ॲमेझॉनने आपला असा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू केला. आता गावागावातली पोरं घरबसल्या हे काम करू लागली आहेत. पण महिनाभर राबूनही हातात काहीच पडलं नाही, असं होऊ शकतं. त्याचं कारण बहुतेक वेळा नियमांत दडलेलं असतं.

पैसे नेमके कशाचे मिळतात?

लिंक टाकण्याचे किंवा नुसत्या क्लिकचे सहसा पैसे मिळत नाहीत, विक्रीचे मिळतात. समजा दोन हजारांचा मिक्सर विकला गेला आणि दर ४ टक्के आहे, तर ८० रुपये जमा दिसतात. ग्राहकानं मिक्सर परत केला की तेही वजा होतात. म्हणूनच कंपन्या पैसे लगेच देत नाहीत. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत थांबतात. शिवाय ठरावीक रक्कम साठल्याशिवाय खात्यात पैसे येत नाहीत.

मुदतही महत्त्वाची. ॲमेझॉनवर क्लिक केल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकावी लागते. तशी टाकली असेल तर ऑर्डर ८९ दिवसांच्या आत झाली तरी चालते. मधेच ग्राहक दुसऱ्याच्या लिंकवरून गेला, तर कमिशन त्याचं. स्वतःच्या लिंकवरून घरासाठी घेतलेल्या वस्तूचं कमिशन मिळत नाही.

दर कंपनीच्या हातात

किराण्यावर कमी, कपड्यांवर जास्त, असे वस्तूनुसार दर वेगळे असतात. ते कंपनी कधीही बदलू शकते. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचा दर ८ वरून ३ टक्क्यांवर आणला. म्हणून एकाच कंपनीच्या भरवशावर सगळा संसार उभा करू नये.

बहुतेक कंपन्या नोंदवलेल्या चॅनेल किंवा पेजवरूनच लिंक टाकू देतात. नियम मोडला तर खातं बंद आणि साठलेलं कमिशनही जातं. लिंकमधून आपल्याला पैसे मिळतात, हे लोकांना स्पष्ट सांगणंही बंधनकारक आहे.

टीडीएस कशाला कापला?

कमिशनवरील टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ ऐवजी २ टक्के झाला. एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांपर्यंतच्या कमिशनवर तो कापला जात नाही. पॅन दिला नसेल तर मात्र २० टक्के कापला जाऊ शकतो. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून कापलेले पैसे परत मागता येतात.

हे ओळखा

खरी कंपनी लिंक देण्यासाठी पैसे मागत नाही. 'आधी पाच हजार भरा, मग खाली माणसं जोडा' असं कुणी म्हणालं तर ते ॲफिलिएट नव्हे, साखळी योजना आहे. अशा योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी आहे.

काम सुरू करण्याआधी चार गोष्टी विचारा: दर किती, मुदत किती, पैसे कधी आणि किमान किती साठल्यावर मिळणार. उत्तरं लेखी मिळत नसतील तर त्या वाटेला जाऊ नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.