मातीची तहान

मुलांनो, वर्धा जिल्ह्यातील काळी माती तुम्ही पाहिली असेल. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वरचा थर कोरडा दिसला, तरी आत ओल असू शकते. मग शाळेच्या बागेला आज पाणी द्यावे की नाही, हे कसे ओळखावे? या कामी एक लहानसे साधन आपल्याला साहाय्य करील. पण ते आपणच घडवावयाचे आहे.

या साधनाचा प्राण म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अर्थात सूक्ष्मनियंत्रक. नखाएवढ्या तुकड्यात सामावलेला हा एक छोटा संगणकच होय. तो बसविलेला ‘आर्डुइनो’ नावाचा सोपा फलक सन २००५ मध्ये इटलीतील इव्रिया या गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाला.

जस्ताचा मुलामा दिलेले दोन खिळे दोन बोटांच्या अंतरावर मातीत रोवा. पहिला खिळा तारेने फलकाच्या ७ क्रमांकाच्या टोकाला जोडा. आज्ञा मिळताच तेथून ५ व्होल्टचा विद्युतदाब मिळतो. दुसरा खिळा ‘ए-०’ या टोकाला जोडा, आणि त्याच टोकापासून १०,००० ओहमचा रोधक ‘ग्राउंड’ या टोकाला जोडा. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरडीतून कष्टाने. त्यानुसार फलक ० ते १०२३ यांमधील एक आकडा संगणकाकडे पाठवितो. माती ओली तर आकडा मोठा, कोरडी तर लहान. आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की फलकावरील दिवा लागावा, अशी आज्ञा संगणकावर लिहून फलकाला द्यावयाची.

परंतु ती मर्यादा कोणती? ‘कोरडी’ म्हणजे काय, हे यंत्राला ठाऊक नसते. म्हणून आठवडाभर रोज खिळ्यांजवळची मूठभर माती दाबून पाहा. तिचा गोळा होतो की नाही, हे आकड्याशेजारी वहीत लिहा. मर्यादा त्या वहीतूनच सापडेल. मातीत खत मिसळले, तर पाणी तेवढेच असूनही आकडा वाढतो. तेव्हा पुन्हा नव्याने नोंदी कराव्या. वीज सतत वाहिली तर खिळे लवकर झिजतात. म्हणून दर तासाला क्षणभरच ती सोडावी.

सन १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. हातांच्या उद्योगातून शिक्षण मिळावे, हा तिचा विचार होता. त्यातूनच उभ्या राहिलेल्या शाळांत मुले टकळीवर सूत काढता काढता गणित शिकत. टकळीच्या जागी फलक आला, तरी रीत तीच आहे. यंत्राला शिकविण्यासाठी आधी आपण माती हातात घ्यावी लागते. आणि दिवा लागल्यावर झारी उचलावयाची, तीही आपल्याच हातांनी.