गाणं सुरू कधी होतं? पोस्ट-रॉक आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’

मागे एकदा आम्ही इथे अकोल्यात ‘टॉर्टॉइज’ या शिकागोच्या बँडची एक रचना काही जणांना ऐकवली होती. सात-आठ मिनिटं झाली आणि मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "गानं सुरू कवा होते जी?" सगळे हसले, आम्हीही हसलो. नंतर वाटलं, हसायला नको होतं. प्रश्न बरोबर होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजचं बोलणं म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर समजा.

ती रचना होती ‘जेड’, १९९६ च्या अल्बममधली, सुमारे २१ मिनिटांची. गायक नाही, मुखडा नाही. अशा संगीताला पोस्ट-रॉक म्हणतात. १९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स या इंग्लिश समीक्षकाने हा शब्द रूढ केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वाद्यं रॉकचीच आहेत, पण त्यांचं काम बदललंय. गिटार चाल सांगत नाही, रंग भरते.

यात दोन गोष्टी ऐकायच्या. पहिली ठेका, ज्याला तिकडे ग्रूव्ह म्हणतात. आपल्याला तो शिकवावा लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आठवा. शब्द कानावर पडायच्या आधीच मांडीवर हात पडतो. तोच बोल पुन्हापुन्हा येतो, पण कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वेळी वजन किंचित इकडेतिकडे होतं. ‘जेड’मध्ये हेच काम बास आणि ड्रम करतात.

दुसरी गोष्ट वातावरण. सूर वाजल्यानंतर तो हवेत किती वेळ राहतो, त्यावर दुसरा सूर कसा येऊन बसतो, हे ऐकायचं.

आता घरचं उदाहरण घेऊ. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एच.एम.व्ही.ची रेकॉर्ड. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काबरा, तबला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहीर भैरवपासून पहाडीपर्यंत, एकाही शब्दाशिवाय सांगितलेला. ‘पोस्ट-रॉक’ हा शब्द तेव्हा नव्हता आणि ही रेकॉर्ड पोस्ट-रॉक नाहीच. इथे रागाची शिस्त आहे, तिथे ती नाही. पण ऐकायची रीत एकच आहे.

वाद्यांची निवड पाहा. संतूरच्या तारेवर काडी पडते आणि सूर लगेच विरायला लागतो, त्यामुळे लांब मींड तिथे अवघड. गिटार मात्र आडवी ठेवून तारेवरून पट्टी सरकवली की सूर हवा तसा ओढता येतो. बासरीत तर श्वासच आहे. थेंब, ओढ आणि श्वास. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वातावरण म्हणतात ते असं हातांनी बनतं, त्यात धुकट काही नाही. आणि खाली भूपात झपतालाच्या दहा मात्रा, दोन-तीन, दोन-तीन अशा चालत राहतात.

या रेकॉर्डचे निर्माते होते जी. एन. जोशी. होय, तेच भावगीत गायक, आपल्या मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ज्यांनी घरोघर पोचवली. शीळ म्हणजे तरी काय? शब्द नसलेला सूर. त्या कवितेला आवाज देणाऱ्या माणसाने पुढे मेंढपाळाचा दिवस शब्दांवाचून रेकॉर्ड करून घेतला, यात आम्हाला मोठी गंमत वाटते.

मग हे आज का सांगायचं? मोबाइलवर आपण पहिल्या दहा सेकंदांत पुढचं गाणं लावतो. दहा सेकंदांत मुखडा येतो, ठेका अंगात भिनत नाही. पुढे-पुढे करण्याच्या या सवयीत आपण कंटाळा तर टाळतोच, पण त्याबरोबर त्यानंतर जे मिळणार असतं तेही टाळतो. ‘जेड’मध्ये मध्येच टेप बिघडल्यासारखी खरखर येते. ठेका ज्याच्या अंगात मुरलाय तोच तिथे दचकतो.

तेव्हा काका, उत्तर असं : गाणं पहिल्या ठोक्यालाच सुरू झालं होतं. आपण गायकाची वाट पाहत होतो. आज पुन्हा लावतो. या वेळी वाट न पाहता ऐकू या.