फोटो छापून आल्यावर राहायचं गावातच असतं

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भुई हलली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा, गावोगाव विसर्जनाच्या मिरवणुका झालेल्या. उजाडलं तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं ढिगारा झाली होती. सुमारे १० हजार माणसं गेली. मराठवाड्यातल्या वृत्तछायाचित्रणाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण जिल्ह्याच्या ठिकाणचा फोटोग्राफर काय करतो हे त्या दिवसांत साऱ्या जगाला दिसलं.

रोलचा तो जमाना. एका रोलमध्ये ३६ फोटो. ते संपले की किल्लारीत नवा रोल कुठून आणणार? ढिगाऱ्यावर चढायचं तर पायाखालचा दगड निसटायचा, अर्धी उभी भिंत कधी अंगावर येईल याचा नेम नाही. मागून धक्के चालूच, त्यात पाऊस. टिपलेलं पेपरात यायचं तर रोल धुवायचा, प्रिंट काढायची आणि ती संपादकीय टेबलापर्यंत पोचवायची, तीही हाताने.

प्रेतांचे फोटो छापावेत की नाही, हा वाद तेव्हाही झाला, आजही होतो. मेलेल्याचा चेहरा छापू नये, असं मला ठामपणे वाटतं. पण ढिगाऱ्याचा फोटो छापलाच पाहिजे होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीच्या माळवदाचं ओझं. माणसं कशाखाली गाडली गेली, हे त्या फोटोत शाळकरी पोरालाही कळत होतं. असल्या निगेटिव्ह आज कुठल्या कपाटात चिकटून बसल्या असतील, या विचाराने जीव कळवळतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने त्या गोळा करून जतन करायला हव्यात.

भूकंपाला फोटोग्राफरचा राग येत नाही, माणसांना येतो. मार्च २०१६मध्ये दुष्काळात लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. स्टेशनवर कॅमेऱ्यांची झुंबड. अवघड फोटो मात्र वस्तीत होता. टँकरच्या पाइपावर तुटून पडलेल्या घागरी, रेटारेटी, आणि तहानलेल्या माणसांत धडधाकट उभा असलेला कॅमेरेवाला. तिथे शिव्या खाव्या लागतात, आणि त्या खाऊन घ्याव्यात. रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईचा राग रास्तच असतो.

दंगलीतला राग वेगळा. २९ मार्च २०२१ रोजी नांदेडात करोनामुळे शिखांच्या होला मोहल्ला सणाच्या मिरवणुकीला परवानगी नव्हती. तरीही जमाव बाहेर पडला, तलवारी निघाल्या, पोलीस जखमी झाले, गाड्या फुटल्या. अशा वेळी छायाचित्र हा पुरावा ठरतो. पोलिसांना त्यातले चेहरे ओळखायचे असतात आणि जमावाला नेमकं तेच नको असतं. म्हणून दगड आधी कॅमेऱ्यावर येतो. लाठीमार सुरू झाला की पोलिसांनाही कॅमेरा नकोसा होतो. दोन्हीकडून मार खाणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच चौकात चहा प्यायला येतो, त्याची पोरं त्याच शाळेत जातात. मुंबई-दिल्लीहून आलेला फोटोग्राफर काम उरकून परत जातो. याला मात्र फोटो छापून आल्यावरही गावातच राहायचं असतं. जिल्ह्यातल्या पत्रकारितेचा खरा धोका मला इथे दिसतो.

वाळूच्या चोरट्या उपशाचा फोटो तर सगळ्यांत वाईट. गोदावरीच्या पात्रात आणि बिलोलीकडे मांजरेत रात्री तराफे चालतात, सक्शन पंप लागतात, काठावर हायवा ट्रक भरतात. दंगलीत निदान चार माणसं बघत असतात. नदीकाठी अंधारात कोण? आणि हायवाचा मालक बहुधा तालुक्यात सगळ्यांच्या ओळखीचा. पूर्वी लांब लेन्स लावून पलीकडच्या काठावरून काम भागायचं. आता कार्यालयाला फोटोबरोबर व्हिडिओही लगेच हवा असतो, आणि तो मोबाइलवर घ्यायचा म्हणजे जवळ जावंच लागतं. तंत्र सोपं झालं, पण ते माणसाला धोक्याच्या आणखी जवळ घेऊन गेलं.

मोठी संस्था पाठीशी असली म्हणजे जीव वाचतोच असं नाही. मुंबईत काम केलेले रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी, पुलित्झर पारितोषिक मिळालेले, १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकजवळ मारले गेले. ऑगस्ट २०१३मध्ये मुंबईच्या शक्ती मिलमध्ये कामावर असलेल्या तरुण छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. आधीच जिल्ह्याच्या गावात मुलगी या पेशात अपवादानेच दिसते. त्या घटनेनंतर किती घरांनी मुलीच्या हातातला कॅमेरा काढून घेतला असेल, याचा विचार आपण कधी केला नाही.

कायद्याच्या नजरेत हा माणूस पत्रकारच आहे. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तछायाचित्रकाराला संपादक-बातमीदारांच्या पंगतीत बसवलं. महाराष्ट्राने एप्रिल २०१७मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९मध्ये लागू झाला. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र. पण त्यासाठी माध्यमात काम हा तुमचा मुख्य व्यवसाय हवा आणि संस्थेशी नोकरीचं वा कराराचं नातं हवं. आमच्याकडचा फोटोग्राफर लग्नाच्या ऑर्डरी घेऊन घर चालवतो आणि पेपरला फोटोमागे पैसे घेऊन काम करतो. डोकं फुटलं तर ठाण्यात दाखवायला त्याच्याकडे नेमणुकीचा कागद नसतो, आणि फुटलेल्या लेन्सचे पैसे त्याच्याच खिशातून जातात.

म्हणून मालक-संपादकांकडे मागणं साधं आहे: वर्षाचा लेखी करार, कॅमेऱ्याचा आणि माणसाचा विमा, मोर्चाला पाठवताना हेल्मेट, आणि वाळूच्या फोटोला जाताना सोबत दुसरा माणूस. फोटोखाली नाव छापायचं की नाही, हे मात्र त्या फोटोग्राफरला विचारून ठरवावं.