मोत्याच्या वाटीत काय घालू?

परवा बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आणलंय. त्याला कच्चं मटण, हाडं घातली तर चालतात का हो?" मी चटकन म्हणाले, "थांब बाई, आधी ऐक!" कारण हा धडा आम्ही आमच्या मोत्याच्या जिवावर शिकलोय.

मोत्या आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. धाकट्यानं हट्टानं आणलेला. मग काय, सल्ल्यांना तोटा नाही! सासूबाई म्हणायच्या, "दूध-भाकरी कुस्करून घाल." शेजारचे काका म्हणायचे, "वहिनी, कुत्रा म्हणजे लांडग्याची जात. कच्चं द्या, बघा कसा तयार होतो." भाचा मोबाइलवर परदेशी व्हिडिओ दाखवायचा. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये कच्च्या हाडांची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं आणि हा विचार तिकडे बराच पसरला.

मी सगळ्यांचंच थोडं थोडं ऐकलं. खाटकाकडून बकऱ्याच्या फुफ्फुसाचे तुकडे आणून दोन-तीनदा कच्चेच घातले. एका रविवारी कोंबडीचा रस्सा झाला, ताटातली हाडंही मोत्यापुढे गेली. रात्री पिल्लू कण्हायला लागलं. उलट्या, कुंथणं आणि शीतून रक्त. धाकटा त्याला मांडीवर घेऊन रात्रभर जागा. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही दारात!

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, हाड शिजवलेलं होतं का?" शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिळका निघतात आणि आतडं फाटू शकतं. नशिबानं तेवढं झालं नव्हतं. सलाईन, औषधं झाली. चौथ्या दिवशी मोत्यानं शेपटी हलवली तेव्हा कुठे घरात नीट स्वयंपाक झाला.

"मग कच्चं दिलेलं बरं का?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कच्चं हाडसुद्धा घशात, आतड्यात अडकतं, दात तुटतो. कच्च्या मांसातल्या जंतूंचा त्रास पिल्लाला होतोच, शिवाय ते आपल्या ओट्यावर, हातावर येतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये कच्चं मांस देऊ नये असंच सांगितलं.

मला खरा घाम फुटला तो पुढचं ऐकून. शेळ्या-मेंढ्यांच्या फुफ्फुसात, काळजात कधीकधी पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या पोटात बारीक कृमी होतात. त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात. तोच हात तोंडात गेला की माणसाच्या काळजात तशीच गाठ धरते आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. आमचा धाकटा तर मोत्याला कुशीत घेऊन झोपायचा! नेहमीच्या जंताच्या औषधानं हे कृमी जातीलच असं नाही. म्हणून कच्चं खाल्लं असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगायचं.

आणि सासूबाईंची दूध-भाकरी? नुसत्या तेवढ्यावरही पिल्लू नीट वाढत नाही. नुसत्या मांसावरही नाही. मांसात कॅल्शियम अगदी थोडं असतं, त्यामुळे वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. पण म्हणून मनानं कॅल्शियमची पावडर द्यायची नाही, तीही जास्त झाली की बाधते.

आता मोत्याच्या वाटीत पिल्लांसाठीचं तयार खाद्य असतं, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. जोडीला कधी नीट शिजवलेली, बिनहाडाची, बिनमिठाची कोंबडी. रस्सा मुळीच नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा. चॉकलेट, द्राक्षं, मनुकाही नाहीत. त्याची वाटी वेगळी धुतो आणि त्याला हात लावला की साबणानं हात, हा घरचा नियम.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "अगंबाई, मी तर आजच खाटकाला सांगून आले होते!" मी म्हटलं, "मग जाताना नको म्हणून सांग. आणि उरलेलं रस्त्यावरच्या कुत्र्यांना टाकू नका, असंही सांग त्यांना. ती कुत्री आपल्याच दारात येतात, आपलीच पोरं तिथे खेळतात."